कॅमके-टू हा आठवणीचा स्विच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी कॉम्प्युटरचा माणूस. एका व्याख्यानात ऐकलं की मेंदूच्या सिनॅप्समधलं, म्हणजे दोन पेशींच्या सांध्यातलं, कॅमके-टू नावाचं प्रथिन एकदा चालू झालं की चालूच राहतं, म्हणून तो आठवणीचा स्विच. दुसरीकडे वाचलं की ते एक-दोन मिनिटांत बंद पडतं. शिवाय प्रथिनं काही दिवसांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात म्हणे. मग माझ्या आजीला साठ वर्षांपूर्वीच्या जात्यावरच्या ओव्या कशा आठवतात? यातलं खरं काय? आणि हे प्रथिन वाढवायची गोळी असते का?"

तुम्ही ऐकलेल्या-वाचलेल्या तिन्ही गोष्टींना आधार आहे, म्हणून तर गोंधळ झालाय. एका नावाखाली तीन निराळे प्रश्न विचारले जातात. सिनॅप्सने बदलायचं हे ठरतं कसं? ठरल्यावर तो बदल घडतो कसा? आणि घडलेला बदल टिकतो कसा? पहिल्याचा हिशेब सेकंदांत, दुसऱ्याचा मिनिटांत-तासांत, तिसऱ्याचा दिवसांपासून वर्षांपर्यंत. कॅमके-टू हे पहिल्या प्रश्नाचं जवळजवळ निर्विवाद उत्तर आहे. तिसऱ्यावर आमच्या क्षेत्रात अजून भांडणं होतात, आणि माझं स्वतःचं मत गेल्या काही वर्षांत बदललंय.

मी सोळा वर्षं उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाच्या, स्लाइसवर काम करते. इलेक्ट्रोड लावायचा, एका बाजूने विजेचा टिचका द्यायचा, दुसऱ्या बाजूला येणारा प्रतिसाद मोजायचा. म्हणजे प्रथिनं मला थेट दिसत नाहीत, त्यांची सावली दिसते. शुद्ध जीवरसायनवाल्यांना माझं काही बोलणं ढोबळ वाटेल, ते चालेल.

आधी एक अट. पुढचं सगळं हिप्पोकॅम्पसमधल्या एका ठरावीक सिनॅप्सबद्दल आहे: सीए-थ्री भागातल्या पेशींचे तंतू सीए-वनच्या पेशींना मिळतात तो. शेजारीच मॉसी फायबरचा सिनॅप्स आहे. तिथे बदल मुख्यतः पाठवणाऱ्या बाजूला होतो आणि त्याला एनएमडीए रिसेप्टर (कॅल्शियम आत सोडणारा दरवाजा) लागत नाही. लहान मेंदूत तर हिशेबच वेगळा. प्राण्याच्या वयानेही फरक पडतो. आठवड्याभराच्या पिल्लात याच सीए-वनच्या सिनॅप्सला कॅमके-टूऐवजी पीकेए नावाचं दुसरं कायनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, लागतं. महिन्याच्या आसपास कॅमके-टूचं राज्य सुरू होतं. त्यामुळे "सिनॅप्स असा बदलतो" असं सरसकट वाक्य कुणी म्हटलं, की कुठला सिनॅप्स आणि कुठल्या वयाचा, हे विचारायचं.

आता त्या सिनॅप्सच्या आत जाऊ. संदेश घेणाऱ्या पेशीच्या फांदीवर बोंडासारखे बारीक फुगवटे असतात, त्यांना स्पाइन म्हणतात. एका साधारण स्पाइनचं आकारमान ०.१ फेम्टोलिटर धरा, म्हणजे एका मिलिलिटरचा दहा हजार अब्जावा भाग. पेशी शांत असताना आत मोकळं कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असतं. कॉम्प्युटरचे आहात, कागद-पेन घ्या, ॲव्होगॅड्रोच्या आकड्याने गुणा. उत्तर येतं सहा. सहा हजार नाही, सहा लाख नाही, कॅल्शियमचे सहा सुटे आयन. जोरदार उत्तेजन मिळालं की हाच आकडा काही क्षण शेकड्यांत जातो. मला हा हिशेब पहिल्यांदा करून दाखवला गेला तेव्हा मी तो दोनदा तपासला होता. आपण ज्याला "कॅल्शियमचा सिग्नल" म्हणतो तो प्रत्यक्षात मूठभर आयनांची ये-जा आहे, आणि एवढ्यावर सिनॅप्सला निर्णय घ्यायचा असतो.

हे कॅल्शियम आत येतं एनएमडीए रिसेप्टरमधून. या दरवाजाला दोन अटी आहेत: पलीकडून ग्लुटामेट, म्हणजे संदेश आणणारं रसायन, यायला हवं आणि त्याच वेळी ही पेशी स्वतः विजेने उत्तेजित झालेली हवी. नुसतं ग्लुटामेट आलं तर दार उघडतं, पण भोकात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. विद्युतदाब बदलला की बूच उडतं. हे १९८४ मध्ये कळलं. त्याच्या आदल्याच वर्षी दिसलं होतं, की हा रिसेप्टर औषधाने बंद केला तर सिनॅप्सचं नेहमीचं काम चालू राहतं, पण तो बलवान होत नाही. बोलणाऱ्याने बोलायचं आणि ऐकणाराही जागा हवा, तरच नोंद.

आत आलेलं कॅल्शियम पकडतं कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन. एका रेणूवर चार आयन बसतात. असा भरलेला कॅल्मोड्युलिन कॅमके-टूला जाऊन चिकटतो. कॅमके-टूची रचना सुंदर आहे: सहा-सहा उपघटकांची दोन कडी एकावर एक, एकूण बारा. प्रत्येक उपघटकाच्या कामाच्या जागेवर त्याचंच झाकण बसलेलं असतं. कॅल्मोड्युलिन ते झाकण उचलतो. आणि शेजारी-शेजारी दोघांची झाकणं एकाच वेळी उघडली असतील, तर एक उपघटक दुसऱ्याच्या २८६ क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतो. फॉस्फेट बसलं की कॅल्शियम निघून गेल्यावरही झाकण पुरतं बसत नाही, दाराच्या फटीत पाचर ठोकल्यासारखं. "एकदा चालू झालं की चालूच" हे तुम्ही ऐकलंत ते इथून आलंय.

ही पाचर किती महत्त्वाची आहे? १९९८ मध्ये अशी उंदरं तयार केली गेली, ज्यांच्यात हे एकच अमिनो आम्ल बदलून तिथे फॉस्फेट बसणं अशक्य केलं होतं. बाकी प्रथिन जागच्या जागी, फक्त ही खुंटी नाही. त्यांच्या सीए-वनमध्ये सिनॅप्स बलवान होईना आणि उंदरांना पाण्याखालचा चौथरा कुठे आहे हे शिकता येईना. माझ्या माहितीतला हा सर्वांत स्वच्छ प्रयोगांपैकी एक.

एक बारकावा इथेच सांगून ठेवते, पुढे लागेल. हिप्पोकॅम्पसच्या एकूण प्रथिनात एक-दोन टक्के वाटा एकट्या कॅमके-टूचा असतो. एन्झाइम म्हणजे कारागीर. थोडे असले तरी भरपूर काम करतात. बांधकामावर विटांच्या ढिगाएवढे गवंडी दिसले तर तुम्हाला शंका यायला हवी. आम्हाला ती बरीच वर्षं आली नाही, किंवा आली तरी आम्ही तिच्याकडे पाहिलं नाही.

गंमत अशी, की सिनॅप्स दुबळा करायचा असेल तरी दरवाजा तोच, कॅल्शियमही तेच. सेकंदाला एक टिचका, असे ९०० टिचके पंधरा मिनिटं दिले तर प्रतिसाद खाली येतो आणि खालीच राहतो. हे १९९२ मध्ये दाखवलं गेलं. दूध तेच, आच वेगळी. मंद आचेवर जे थोडं कॅल्शियम रेंगाळतं ते कॅल्सिन्युरिन नावाच्या फॉस्फेटेजला पुरतं, कारण कॅल्मोड्युलिनला धरण्याची त्याची ताकद कॅमके-टूपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. मोठ्या आचेवर कॅमके-टूही जागं होतं आणि बाजी मारतं. कायनेज फॉस्फेट चिकटवतं, फॉस्फेटेज ओरबाडून काढतं, आणि सिनॅप्सचं बळ या ओढाताणीतून ठरतं. पीकेए यात पंचासारखं काम करतं: पीपी-वन या फॉस्फेटेजला तात्पुरतं बाहेर बसवतं, म्हणजे कॅमके-टूला मोकळं रान मिळतं. सिनॅप्स दुबळा व्हायलाही खुद्द कॅमके-टूची गरज पडते असं आता दिसलंय. पण त्या फाट्यावर वळले तर उत्तर संपणार नाही.

बदल घडतो कसा, हे त्यामानाने सरळ आहे. सिंगॅप नावाचं प्रथिन स्पाइनच्या टोकाशी दाटीने बसलेलं असतं आणि रॅस या संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. कॅमके-टूने फॉस्फेट लावलं की सिंगॅप पांगतं, रॅस मोकळं होतं, ग्लुटामेटला प्रतिसाद देणारे एएमपीए रिसेप्टर पृष्ठभागावर येतात आणि पीएसडी-९५ या प्रथिनाच्या जाळीत अडकून राहतात. रिसेप्टर जास्त म्हणजे त्याच ग्लुटामेटला प्रतिसाद मोठा. सोबत आतला ॲक्टिनचा सांगाडा वाढतो आणि बोंड अक्षरशः फुगतं. एका स्पाइनवर लेझरने ग्लुटामेट सोडून हे डोळ्यांसमोर घडताना पाहता येतं: काही मिनिटांत दुप्पट-तिप्पट, मग थोडं ओसरतं, पण आधीपेक्षा मोठंच राहतं.

हीच सूक्ष्मदर्शकाची पद्धत वापरून २००९ मध्ये एका स्पाइनमधल्या कॅमके-टूची चालू-बंद अवस्था चमक विझायला लागणाऱ्या वेळेच्या फरकाने मोजली गेली. उत्तेजन थांबल्यावर ते एक-दोन मिनिटांत शांत झालं. तुमचं दुसरं वाचन ते हे. कॅमके-टू स्पाइनच्या बाहेरही फारसं पसरलं नाही. रॅस मात्र शेजारच्या स्पाइनपर्यंत, दहाएक मायक्रॉन पसरतं आणि काही मिनिटं राहतं; सीडीसी-४२ हे तसंच दुसरं प्रथिन अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्याच स्पाइनमध्ये चालू राहतं. एकाने दुसऱ्याच्या हाती दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि प्रत्येकाची धाव आधीच्यापेक्षा लांब. पाचर ठोकलेली असूनही कॅमके-टू एवढ्या लवकर का थांबतं? कारण फॉस्फेटेज पाचर उपटतच असतात. टेस्ट-ट्यूबमध्ये ते नव्हते, म्हणून तिथे ते "कायमचं चालू" दिसलं.

इथवरचं एका दमात: दार उघडण्याच्या दोन अटी, मूठभर कॅल्शियम, आचेवरून ठरणारा निर्णय, मिनिटभर काम करून थांबणारं कॅमके-टू, आणि त्यामागून रिसेप्टर आणि सांगाड्याची वाढ. एवढ्यावर बहुतेकांचं एकमत आहे. आता जिथे ते नाही तिकडे जाऊ, आणि त्यात माझीही एक चूक आहे.

आमचा दिवस कसा असतो ते थोडं सांगते, नाहीतर चूक कळणार नाही. सकाळी उंदराचा मेंदू बर्फगार द्रावणात काढायचा, व्हायब्रेटोमवर ४०० मायक्रॉनच्या चकत्या करायच्या, व्हिजिटिंग कार्डापेक्षा थोड्या जाड. कार्बोजेन या ऑक्सिजनच्या मिश्रणाचे बुडबुडे सोडलेल्या कृत्रिम मेंदूद्रवात त्यांना तास-दीड तास नुसतं पडू द्यायचं. घाई केली की दिवस गेला. मग एक चकती रिगवर, म्हणजे मोजमापाच्या मांडणीवर, घ्यायची, तीस सेकंदांनी एक टिचका देत वीस-तीस मिनिटं सरळ रेषा मिळवायची. ही रेषा सरळ नसेल तर पुढचं काहीही खरं नाही. मग सेकंदाला शंभर या वेगाने एक सेकंद टिचके. पडद्यावरचा खड्डा उडी मारून खोल होतो, दोन-तीन मिनिटांत थोडा वर येतो, आणि मग तासन् तास आधीपेक्षा खोल राहतो. हीच एलटीपी, म्हणजे सिनॅप्सचं दीर्घकाळ बलवान होणं. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी ती सविस्तर प्रसिद्ध केली, गुंगी दिलेल्या सशात, ऑस्लोच्या प्रयोगशाळेत. आम्ही आजही मुळात तेच करतो. पहिल्यांदा ती उडी दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. आता उठत नाही, पण चहा मात्र त्यानंतरच घेते.

तर, शिकत असताना मला दाखवायचं होतं, की एलटीपी टिकवायला कॅमके-टू लागत नाही. सोपं वाटलं: उत्तेजनाच्या आधी केएन-९३ हे औषध घातलं तर एलटीपी होत नाही, अर्ध्या तासाने घातलं तर झालेली एलटीपी तशीच राहते. म्हणजे कॅमके-टू सुरुवातीला लागतं, नंतर नाही. मी तसं लिहिलंही, दोन आलेखांसकट. एका परीक्षकाने समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं: "हे औषध काय अडवतं?"

केएन-९३ कॅल्मोड्युलिनमुळे होणारं जागं होणं अडवतं. आधीच पाचर ठोकून चालू राहिलेल्या कॅमके-टूला ते हात लावू शकत नाही. म्हणजे मी ज्या गोष्टीची परीक्षा घेत होते तिच्यावर माझं औषध चालतच नव्हतं. घराला कुलूप लावून "आत कुणी नाही" असं सांगण्यातला प्रकार. पुढे तर हेही दाखवलं गेलं की केएन-९३ मुळात कॅल्मोड्युलिनलाच चिकटतं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. सहा महिने गेले.

औषधांची पुढची पिढी आली ती पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांची. टॅट-सीएन-२१ हे कॅमके-टूला चालू आणि बंद दोन्ही अवस्थांत अडवतं. त्याचे निकाल पुन्हा उलटसुलट: कमी मात्रेत घातलं तर एलटीपी सुरू होत नाही पण झालेली पुसली जात नाही, चौपट मात्रेत घातलं तर झालेली एलटीपीही उलटते. बऱ्याच जणांनी जास्त मात्रेचा निकाल "विषारीपणा" म्हणून बाजूला ठेवला. मीही. पण त्यात एक माहिती दडलेली होती. कमी मात्रा फक्त कॅमके-टूचं एन्झाइमचं काम थांबवते. जास्त मात्रा त्याला त्याच्या बसल्या जागेवरून उठवते. ती जागा म्हणजे एनएमडीए रिसेप्टरचा जीएलयूएन-टू-बी हा उपघटक; जागं झालेलं कॅमके-टू तिथे जाऊन घट्ट बसतं हे २००१ पासून माहीत होतं.

मग काम महत्त्वाचं की बसणं? २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने माझ्या पायाखालची जमीन थोडी सरकवली. तिथे वेगळ्या जातीचं औषध वापरलं, जे कॅमके-टूला एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) वापरू देत नाही, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावायचं काम बंद, पण जीएलयूएन-टू-बीवर बसायला मात्र आडकाठी नाही. एलटीपी झाली. कारागिराचे हात बांधलेले, तरी भिंत उभी! २८६ वरच्या पाचरीचं मुख्य काम, असं आता दिसतंय, की कॅमके-टूला त्या जागेवर बसण्याजोगं करणं. विटांएवढे गवंडी का होते, ते तेव्हा कळलं: त्यातले बरेच गवंडी नव्हतेच, विटा होत्या.

हे शेवटचं वाक्य माझं मत आहे, सर्वमान्य निष्कर्ष नाही. सिंगॅपवर फॉस्फेट लावणं किती आवश्यक, यावर प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत मतभेद आहेत आणि वर मी सांगितलेली सरळ साखळी त्यामुळे थोडी डळमळते, याची मला कल्पना आहे. कदाचित सिंगॅपला हलवायला फॉस्फेटची गरज नसेल, गर्दीत जागेची रेटारेटीही पुरत असेल.

आता आजीच्या ओव्या. प्रथिनं मोडतात हा आक्षेप नवा नाही. डीएनएवाले फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये हाच प्रश्न लिहून विचारला होता, आणि उत्तरही सुचवलं होतं: खूण जोडीवर असावी, म्हणजे जोडीतला एक बदलला तरी उरलेला नव्याला तीच खूण लावेल. पुढच्याच वर्षी मेंदूशास्त्रज्ञ जॉन लिस्मन यांनी असंच, स्वतःलाच फॉस्फेट लावणारं आणि म्हणून दोन अवस्थांत स्थिर राहणारं कायनेज कल्पून दाखवलं. कॅमके-टू त्या साच्यात जणू ओतल्यासारखं बसलं. दिंडीचं उदाहरण घ्या. रथापुढे अमुक क्रमांकाची दिंडी पिढ्यान् पिढ्या त्याच जागी चालते. आज तिच्यात चालणाऱ्यांपैकी शंभर वर्षांपूर्वीचा कुणी नाही. नवा आलेला शेजारच्याकडून टाळ घेतो, ठेका उचलतो, आणि दिंडी तीच राहते. बारा उपघटकांच्या कड्यात जुना गेला, नवा आला, तर शेजारी त्याला फॉस्फेट लावणार. आपल्याकडच्या उपिंदर भल्ला यांनी रवी अय्यंगार यांच्यासोबत १९९९ मध्ये गणिताने दाखवलं, की असे सिग्नलमार्ग एकमेकांत गुंतले की क्षणिक धक्क्यानंतरही संपूर्ण जाळं वरच्या अवस्थेत अडकून राहू शकतं. कॉम्प्युटरवाल्यांना हे फ्लिप-फ्लॉप ओळखीचं वाटेल.

अडचण तुम्ही वाचलेलीच: जिवंत स्पाइनमध्ये एन्झाइमचं काम मिनिटभरात थांबताना दिसतं. मग वर्षांची गोष्ट कुठली? मला वाटतं, लिस्मन यांची कल्पना टिकते, पण तिचा ठिकाणा बदलतो. टिकून राहायला सतत काम चालू असायला हवं असं नाही. जागेवर बसलेला गट टिकला, आणि त्यातला एक उठला की तिथे दुसरा बसला, तरी पुरे. खुद्द लिस्मन यांच्या गटाने २०१७ मध्ये शिकून झालेल्या प्राण्यांत काही काळ बिघडवलेलं कॅमके-टू तयार करवलं, ते नाहीसं झाल्यावर पाहिलं, तर आठवण गेलेली होती. त्याच वर्षी लिस्मन गेले. दुसऱ्या बाजूला, त्याच सुमारास प्रकाशाने चालणारा अडसर वापरून दिसलं, की एन्झाइमचं काम पहिल्या मिनिटाच्या आसपास अडवलं तरच फरक पडतो. दोन्ही निकाल खरे असायचे असतील तर "काम" आणि "बसणं" वेगळं करावंच लागतं.

आणि कॅमके-टू एकटं नाही. काही तासांपलीकडे टिकणाऱ्या एलटीपीला नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात. पण ती तयार झाल्यावर हजारो सिनॅप्सपैकी नेमक्या कुठल्या सिनॅप्सला जायचं, हे त्यांना कसं कळतं? १९९७ मध्ये फ्राय आणि मॉरिस यांनी दाखवलं, की उत्तेजित झालेला सिनॅप्स स्वतःवर तात्पुरती खूण ठेवतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. प्रवासी मागून दारातून येतो आणि रुमालाच्या जागी बसतो. रुमाल मात्र दोन-तीन तासांत उडून जातो. गंमत म्हणजे, दुबळ्या उत्तेजनाने नुसता रुमाल पडलेला सिनॅप्ससुद्धा त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या जोरदार उत्तेजनामुळे तयार झालेल्या प्रथिनांवर आपली जागा पक्की करून घेतो.

पीकेएम-झीटा या आणखी एका कायनेजचं नाव तुम्ही अजून ऐकलं नसेल तर ऐकालच. २००६ मध्ये झिप नावाच्या पेप्टाइडने ते अडवून जुनी आठवण पुसली गेली आणि मोठा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये दोन गटांनी पीकेएम-झीटा नसलेली उंदरं तयार केली: त्यांना सगळं नीट आठवत होतं, आणि झिप त्यांच्यातही आठवण पुसत होतं, म्हणजे झिपचा नेम दुसरीकडेच लागत होता. माझ्या केएन-९३ चा थोरला भाऊ. आम्ही सगळ्यांनी त्या रेणूची तिरडी बांधली होती. २०२४ मध्ये तो परत आला, या वेळी किब्रा नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने: किब्रा जागा धरतं, पीकेएम-झीटा तिथे बसतं, दोघांची पकड सोडवली तर जुनी आठवण पुसली जाते, आणि ज्या उंदरांत पीकेएम-झीटा नाही तिथे हे औषध काहीच करत नाही. ही शेवटची तपासणी मला सर्वांत आवडली. आणि पाहा, इथेही उत्तर दोन प्रथिनांच्या एकत्र बसण्यातच निघतंय.

तरी आजीची ओवी एकाच सिनॅप्सने साठ वर्षं जपली असेल असं मला वाटत नाही. उंदराच्या सीए-वनमधले स्पाइन मुळात एक-दोन आठवड्यांत येतात-जातात. कॉर्टेक्समधले, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातले, पुष्कळसे महिनोन् महिने टिकतात. आठवण काळाच्या ओघात हिप्पोकॅम्पसवरून कॉर्टेक्सवर सरकते, अनेक सिनॅप्सवर वाटली जाते. शिवाय आजीने ती ओवी साठ वर्षांत किती वेळा म्हटली असेल? आठवलेली गोष्ट पुन्हा पक्की व्हायला पुन्हा प्रथिनं लागतात, हे उंदरांच्या भीतीच्या आठवणीवर २००० मध्ये दाखवलं गेलंय. जातं गेलं तरी ओवी म्हणणं चालू असेल, तर रुमाल पुन्हा पुन्हा पडत होता.

गोळी? नाही. आणि असती तरी घेऊ नका. माणसांत कॅमके-टूच्या जनुकांत बिघाड सापडलेत, काहींत २८६ वरचं फॉस्फेट कमी बसतं, काहींत जास्त. दोन्हींत बौद्धिक वाढ खुंटलेली दिसते. सिंगॅपचं जनुक अर्धं निकामी झालं तर मुलांना बौद्धिक अक्षमता आणि फिट्स येतात, आणि सिंगॅपचं काम तर रोखून धरण्याचं आहे. सगळे सिनॅप्स बलवान केले तर कुठला बदलला हे कळणारच नाही.

पुढच्या व्याख्यानाला गेलात आणि पडद्यावर "अमुक रेणू अडवला, आठवण गेली" असा आलेख आला, तर हात वर करून तीन गोष्टी विचारा. औषध उत्तेजनाच्या आधी घातलं की नंतर? तो रेणू मुळातच नसलेल्या प्राण्यात हेच औषध काय करतं? आणि ते रेणूचं काम थांबवतं की त्याला जागेवरून उठवतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा जरा शांतता पसरेल. औषध नेमकं काय अडवतं, हे मला कुणी वेळेवर विचारलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. त्या परीक्षकाची पेन्सिलची ओळ असलेलं पान मी अजून रिगच्या वरच्या फळीला चिकटवून ठेवलंय.